दयारा बुग्यालला पहिल्यांदा जाताय? पाय सिंहगडावर तयार होतील, घाई तेवढी घरी ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एक ताई, वय ४४, वर्षाला चार-पाच किल्ले करतात, थायरॉईडची गोळी चालू आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन उत्तराखंडातल्या दयारा बुग्यालला निघाल्यात. हिमालय दोघींनाही नवा. हातात आठ आठवडे आहेत. सराव काय करायचा, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का, बॅगेत काय भरायचं, आणि लेकीला मध्येच त्रास झाला तर सगळ्या गटाला माघारी फिरावं लागेल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, पहिल्या वेळेला दयारा निवडलंत ते बरं केलंत. बुग्याल म्हणजे झाडी संपते आणि खडक-बर्फ सुरू होतं त्या दोन्हींच्या मधलं कुरण. गढवालात अशी कितीतरी आहेत, पण दयाराची वाट सरळ आहे. रैथल किंवा बारसू या गावातून निघायचं, ओक-बुरांशच्या जंगलातून चढायचं आणि झाडं मागे पडली की एकदम गवताचा समुद्र. समोर बंदरपूंछ आणि श्रीकंठ. कुठे दोर नाही, कातळातल्या खोबण्या नाहीत. हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला दयाराच्या वाटेत भीती वाटावी असं काहीच नाही.

आणि गोची तिथेच होते. वीस-बावीस वर्षं मी नाशिकहून गट घेऊन जातेय. उंचीमुळे आजारी पडलेल्यांची यादी काढली तर त्यात कच्च्या लिंबांपेक्षा पट्टीचे सह्याद्रीवाले जास्त निघतील. पहिलं नाव माझंच.

मी पहिल्यांदा गेले ती गढवालातल्याच बेदनी बुग्यालला. वाण गावातून बेदनी म्हणजे जवळजवळ ९०० मीटरची चढाई. आमच्या बारीतून कळसूबाईचा माथा गाठायला साधारण तेवढंच चढावं लागतं, आणि कळसूबाई मी तेव्हा महिन्यातून एकदा करायचे. मध्ये गैरोली पाताळला मुक्काम ठरलेला होता. आम्ही चौघं दुपारी बारालाच तिथे टेकलो आणि म्हणालो, इथे बसून काय करायचं, जाऊ वरच. अडीचला बेदनीत पोचलो. सगळ्यांत पुढे मी. फोटो काढले, कुंडापाशी धावत गेले. चारच्या सुमाराला कानशिलं ठणकायला लागली. सहा वाजता जेवणाच्या तंबूत वरण-भात पुढे आला आणि त्याच्या वासानेच घशाशी आलं. कुणाला बोलले नाही, लाज वाटली. दोन घास खाऊन ताटली बाजूला सारली आणि झोपायला निघाले, तेवढ्यात आमच्याबरोबरचे गढवाली भैजी, जे दिवसभरात चार वाक्यं बोलले नव्हते, ते ताटलीकडे बघत म्हणाले, "दीदी, खाना क्यों छोड़ा?"

डोकं दुखतंय का, हे त्यांनी विचारलंच नाही. ताटली बघितली आणि काय ते समजले. रात्री दोन वेळा उठवून त्यांनी मला तंबूबाहेर चालवून बघितलं. उजाडल्यावर काठी हातात दिली आणि गैरोली पाताळला उतरवलं. उंचीत फरक साडेतीनशे मीटरचा. तासाभरात डोकं हलकं झालं आणि दहा वाजता मी त्यांच्याकडे दोन पराठे मागून खाल्ले. बाकीचे तिघं पुढे गेले. मी मात्र त्या वर्षी पुढे काही पाहिलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या गोष्टीतच आहे. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच टोक. रैथल-बारसू ही गावंच २२०० मीटरच्या आसपास आहेत. म्हणजे आपलं सर्वोच्च शिखर जिथे संपतं त्याच्याही बऱ्याच वर तुमची गाडी थांबणार आहे. पहिला तळ साधारण ३००० मीटरवर आणि बुग्यालचा वरचा माथा ३६०० च्या पुढे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्याही किंचित खाली असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच, पण हवाच विरळ, त्यामुळे एका श्वासात मिळतो कमी. (पाणीही नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून कुकर नसेल तर वरची डाळ दातांखाली येते. स्वयंपाक्यावर चिडू नका.) या विरळ हवेचा सराव महाराष्ट्रात कुठेही करता येत नाही. महाबळेश्वरला आठ दिवस राहूनसुद्धा नाही. शरीराला सवय होते ती फक्त वर जाऊन, हळूहळू, रात्री काढून. ३००० मीटरच्या वर गेलं की कालच्यापेक्षा आजची झोपायची जागा ५०० मीटरहून जास्त उंच नको, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं. हिशेब मुक्कामाच्या उंचीचा धरायचा.

म्हणून माझा पहिला सल्ला: रैथलला एक जादा रात्र काढा. पैसे वाचवायला सगळे हाच दिवस गाळतात. गावात घरगुती मुक्कामाची सोय आहे, जुनी लाकडी बहुमजली घरं आहेत, राजम्याची शेतं आहेत. लेकीला घेऊन गावाच्या वर तास-दोन तास भटका आणि झोपायला खाली या. दुसरा फायदा असा की डेहराडूनहून उत्तरकाशी आणि तिथून भटवाडीमार्गे वर येईस्तोवर वळणांनी पोट ढवळून निघालेलं असतं. गाडी लागून झालेली उलटी आणि उंचीमुळे आलेली मळमळ यांत पहिल्या संध्याकाळी गल्लत होते. एक दिवस थांबलं की गाडीचं ते गाडीतच राहतं. गाडी लागत असेल तर निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी ॲव्होमिन घ्या. मसुरीची वळणं सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

आता सराव. आठ आठवडे पुरेसे आहेत, पण जिमच्या नादी लागू नका. तुम्हाला हवाय तो तासन्‌तास एका लयीत चढत राहणारा दम. आठवड्यातून चार दिवस पाऊण तास झपाझप चाला. दोन दिवस जिने. साधारण तीन मीटरचा एक मजला धरला तर दहा मजली इमारत दहा वेळा चढलं की ३०० मीटर होतात. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांना नावं ठेवू नका, भल्या पहाटे दहा फेऱ्या मारून बघा. रविवारी आतकरवाडीकडून सिंहगड. चढ साधारण ६०० मीटरचा आहे. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर पाच-सहा किलो घ्या. पाण्याच्या बाटल्याच भरून न्या, गुडघे कुरकुरले तर वरती ओतून देता येतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एकदा शनिवारी सिंहगड आणि लगेच रविवारी राजगड किंवा तोरणा करा. कारण तिकडे थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचं असतं आणि किल्ल्यांवर ती सवय आपल्याला कधी लागत नाही. शेवटच्या आठवड्यात काही नवीन नको. नुसतं चालणं आणि झोप.

सिंहगड किती वेळात चढलात हे मला सांगू नका. चढताना लेकीशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय का, ते बघा. वाक्य तुटलं की वेग कमी. दहीवाल्या मावशींच्या टोपलीपाशी पोचल्यावर धाप लागलेली नको. लोक मागून येऊन पुढे जातील, जाऊ द्या. हा संथपणा अंगी बाणवायला मला दोन मोसम लागले आणि तोच खरा सराव आहे.

जिन्यांच्या सरावात उतरताना मात्र लिफ्ट टाळा. दयाराहून परतीच्या दिवशी एका दमात हजारभर मीटर उतार येतो आणि मांड्यांची कसोटी तिथे लागते. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर दोन काठ्या घ्या आणि आत्तापासून सिंहगडावर वापरा. नखं निघायच्या चार दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापली की कोपरे हुळहुळतात, लांब ठेवली की उतारावर बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात.

डायमॉक्सचं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ही गोळी तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच. मला अनुभवाने माहीत आहे ते एवढं: प्रतिबंध म्हणून साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोड्याची चव फिकी लागते. यातलं काही पहिल्यांदाच तंबूत अनुभवलं तर माणूस घाबरतो, म्हणून डॉक्टर हो म्हणाले तर घरी एखादा दिवस घेऊन बघायला त्यांनाच विचारा. लेकीचा निर्णय तिच्या डॉक्टरांचा, आपली गोळी तिला अर्धी करून देऊ नका. थायरॉईडची गोळी नेहमीच्याच वेळी, रिकाम्या पोटी चालू ठेवा, आणि दोन पाकिटं दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. रैथलला एक रात्र जास्त काढून, तळावर ठरल्याप्रमाणे थांबून चाललात तर दयारासाठी बहुतेकांना डायमॉक्स लागत नाही, असं माझं मत आहे. गोळी घेतली म्हणून एक मुक्काम गाळला, हे मात्र साफ चूक.

वर गेल्यावर काय बघायचं? डोकं थोडं दुखणं, झोप तुटक लागणं, भूक मंदावणं हे पहिल्या रात्री पुष्कळांना होतं. सकाळी लिटरभर पाणी पिऊन, नाश्ता करून, हवं तर एक पॅरासिटामॉल घेऊन डोकं थांबलं तर पुढे जा. थांबलं नाही, किंवा जोडीला मळमळ आहे, तर त्या दिवशी वर चढायचं नाही. चालताना झोक जाऊ लागला, जमिनीवरच्या सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत दहा पावलं टाकता येईनात, नुसतं बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, माणूस असंबद्ध बोलतोय: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी खाली. औषध, ऑक्सिजन हे उतरता उतरता द्यायचं. ते देऊन वरच थांबायचं नसतं. ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण थंड बोटांवर तो वाट्टेल ते आकडे दाखवतो. आधी हात चोळून गरम करा. मी अजूनही आकड्यांच्या आधी ताटल्या बघते.

थंडीचं गणित सोपं आहे. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ऑक्टोबरात दयाराला दिवसा उन्हात स्वेटर काढावासा वाटतो आणि पावणेसहाच्या सुमाराला सूर्य डोंगराआड गेला की अर्ध्या तासात दात वाजतात. पहाटे पारा शून्याखाली जातो. पण निव्वळ थंडीपेक्षा ओलं अंग आणि वारा जास्त घातक. जून २०२४ मध्ये याच उत्तरकाशीच्या डोंगरांत, सहस्रतालच्या वाटेवर, कर्नाटकातून गेलेल्या गटातल्या ९ जणांचा जीव वादळी हवामानात सापडून गेला. सहस्रताल दयारापेक्षा खूप उंच आहे, तुलना करत नाही, पण जून होता हे लक्षात घ्या.

म्हणून सुती काही नको. सुती टी-शर्ट, जीन्स, सुती मोजे, सगळं घरी. घाम आला की सुती कापड अंगाला चिकटून बसतं आणि थांबल्यावर अंगातली ऊब ओढून घेतं. अंगालगत सिंथेटिक किंवा लोकरी थर, त्यावर फ्लीस, त्यावर डाउन जॅकेट, आणि सगळ्यांत वर पाऊस-वारा अडवणारं जर्किन. चढायला लागल्यावर दहा मिनिटांत एक थर उतरवा, थांबल्या थांबल्या चढवा. आळस नको. खाली दोन ट्रेक पँट आणि एक थर्मल, ते फक्त झोपताना. दिवसाचे घामट कपडे घालून स्लीपिंग बॅगेत शिरायचं नाही, मोजेसुद्धा बदलायचे. मोजे पाच-सहा जोड घ्या, त्यांतला एक लोकरी जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून फक्त तंबूसाठी. कानटोपी, दोन जोड हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन. उंचावर अतिनील किरणं वाढत जातात, नाशिकला कधी न सोललेलं माझं नाक तिकडे सोलून निघालंय.

बूट आजच घ्या. संध्याकाळी जाड मोजे घालून दुकानात जा, कारण दिवसअखेर पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नवे बूट किमान तीन रविवार सिंहगडाला न्या. सह्याद्रीत आपले ॲक्शनचे बूट कातळावर गोचिडासारखे चिकटतात आणि ऑक्टोबरातल्या कोरड्या दयाराला तेही चालून जातील, पण घोटा आणि पाणी या दोन्हींसाठी मी घोट्यावर येणारे, पाणी न शिरणारे बूट सुचवेन. मैत्रिणीचे बूट मागून नेऊ नका. जॅकेट, सॅक, काठ्या खुशाल उसन्या किंवा भाड्याने घ्या.

बॅगेत सगळ्यांत आधी एक मोठी कचऱ्याची काळी पिशवी अंथरा आणि सामान तिच्यात भरा. सॅकचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं, ही पिशवी उडत नाही. हेडलॅम्प दोघींना वेगवेगळे. पॉवर बँक आणि फोन रात्री स्लीपिंग बॅगेत, थंडीने बॅटरी बसते. तिथेच पायांशी गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली. सकाळी तेच पाणी प्यायला. तोंड बॅगेत खुपसून झोपू नका, श्वासाच्या वाफेने आतून ओलं होतं. रात्री लघवीला लागली तर दाबून ठेवू नका. कुडकुडत का होईना, जाऊन आलात की पुन्हा लवकर ऊब येते. रोख पैसे उत्तरकाशीतच काढा, वरच्या गावांत एटीएम आणि नेटवर्कचा भरवसा धरू नका.

खाऊ आपला न्या. गूळ-शेंगदाणे, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, दशम्या, थोडं लिंबाचं लोणचं. उंचावर गोडाची शिसारी येते तेव्हा लोणच्याच्या एका फोडीवर अर्धी पोळी जाते.

पाळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या गटातल्या प्रत्येकीला मी सांगते. उंची, दगदग, थंडी यांनी तारीख मागेपुढे होते. तारीख असो-नसो, दोघींच्या बॅगेत पॅड ठेवा, जोडीला कागदी पिशव्या आणि दोन झिप पिशव्या. वापरलेलं सगळं खाली परत आणायचं, शौचाच्या खड्ड्यात टाकायचं नाही, ओले वाइप्ससुद्धा नाहीत. लेकीशी हे आधी बोला. तंबूबाहेर अनोळखी माणसांत तिला ते सुचणार नाही.

तंबू बुग्यालवर नसतील, खाली झाडीच्या कडेला असतील, त्याबद्दल संयोजकांशी भांडू नका. मी बेदनीत झोपले तेव्हा तिथे तंबूंची रांग असायची आणि तंबू उठला की खाली गवताचा पिवळा चौकोन दिसायचा. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. हे गवत बर्फ वितळल्यापासून पुन्हा बर्फ पडेपर्यंतच्या चार-पाच महिन्यांत काय ते वाढतं आणि त्याखाली माती जेमतेम असते. एकदा सोलली की पाणी घळ पाडत जातं. दयारावर अशा घळी भरायला नारळाच्या काथ्याच्या जाळ्या अंथरल्यात. त्यांवरून चालू नका, मळलेल्या वाटेनेच चला. शेकोटीचा हट्टही नको.

परतीचं तिकीट काढताना हाताशी एक दिवस मोकळा ठेवा. गंगोत्रीचा रस्ता दरडींचा आहे. पावसाळा सरला तरी दुरुस्तीसाठी तासन्‌तास बंद राहतो. उतरलात त्याच संध्याकाळचं डेहराडूनचं विमान धरायला धावू नका.

आता लेकीचं. चौदा वर्षांची मुलं पळत वर जातात आणि दुखतंय हे सांगत नाहीत, आईचा ट्रेक बुडेल म्हणून तर नाहीच नाही. गटाला माघारी फिरावं लागत नाही. एक गाइड आजारी माणसाला घेऊन उतरतो, बाकीचे पुढे जातात. तशी माणसं त्यांच्याकडे आहेत का, ऑक्सिजनचं सिलिंडर कोणत्या तळावर असतं, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरे बघा. लेक उतरली तर तुम्हीही तिच्याबरोबर उतरणार, हे उघड आहे. राहिला प्रश्न उलटा: तुम्हाला त्रास झाला तर ती गटाबरोबर पुढे जाणार की तुमच्याबरोबर खाली? वर तळावर, डोकं ठणकत असताना, हे ठरवता येत नाही. या आठवड्यात पोळ्या लाटताना तिला विचारा. ती काय म्हणते ते संयोजकांच्या फॉर्मवर लिहून द्या, आणि तिथे तिच्या ताटलीवर लक्ष ठेवा.